मोठ्या सिस्टरचा पासवर्ड

आमच्या बाळांच्या वॉर्डातला कॉम्प्युटर सुरू व्हायला जेवढा वेळ घेतो, तेवढ्यात काचेच्या पेटीतलं बाळ निळं पडू शकतं. म्हणून मोठी सिस्टर सकाळी तिच्या नावाने तो उघडून ठेवायची आणि दिवसभर आम्ही सगळ्या तिच्याच नावावर काम उरकायचो. तिचा पासवर्ड आम्हाला तोंडपाठ. त्यावर हॉस्पिटलातल्या कुठल्याही पेशंटची फाईल उघडायची. औषध मी दिलं तरी नोंद तिची. यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं.

माझं बाळ गेल्यावर मी इथल्याच मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे जात होते. कर्मचाऱ्यांना फुकट उपचार, पण इथेच; असली मेहेरबानी. एकदा दार लावून घेतल्यावर मी त्यांना म्हणाले, "रडणारं बाळ हातात आलं की त्याला खाली ठेवून पळून जावंसं वाटतं." त्यांनी ते माझ्या फाईलमध्ये लिहून घेतलं. पुढे गोळ्यांनी म्हणा, बाळांनी म्हणा, मी सावरले. पेटीतली बाळं माझ्या हातात शांत व्हायची आणि त्यावर माझा दिवस निघायचा. मला दुसरं काही उरलंच नव्हतं.

एकदा चहा पिताना आत बाळ रडलं. मी उठले तशी बरोबरीची सिस्टर अगदी काळजीने म्हणाली, "तू राहू दे गं, मी बघते. तुला पळून जावंसं वाटतं ना?"

हे वाक्य मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

मग वॉर्डातली एक आई मला बाळाला हात लावू देईना. "दुसऱ्या सिस्टरना पाठवा," एवढंच म्हणाली आणि दुपट्याची कड घट्ट धरून बसली. माझी फाईल कुणीतरी वाचतंय, अशी मी तडक तक्रार केली.

हॉस्पिटलच्या साहेबांनी मला आणि मोठ्या सिस्टरला बोलावलं आणि स्क्रीन आमच्याकडे वळवली. माझी फाईल कितीतरी वेळा उघडलेली होती. प्रत्येक वेळी नाव एकच, मोठ्या सिस्टरचं.

तिचा चेहरा उतरला. "साहेब, यातले निम्मे दिवस तर मी रजेवर होते."

"मग कोण होतं?"

मोठी सिस्टर स्क्रीनवरच्या तारखा पुन्हा वाचू लागली.

"कामावर तुम्हीही होतात," साहेब मला म्हणाले. "पासवर्ड तुम्हालाही माहीत. तुम्हीच उघडली नसेल कशावरून?"

आपलीच फाईल चोरून वाचणारी बाई म्हणून मी तिथून बाहेर पडले. चौकशी गुंडाळली गेली आणि माझ्याच भल्यासाठी म्हणे, माझी बदली कपड्यांच्या खोलीत झाली.

तिथे बाळांची दुपटी धुऊन येतात. मी घड्या घालते. इतकी उकळलेली असतात की बाळाचा वास म्हणून राहत नाही. सुरुवातीला मी हुंगून बघायचे, आता तेही सोडलं.

परवा माझ्या जागी आलेली सिस्टर धावत आली. "ताई, मोठ्या सिस्टर आल्या नाहीत आणि मला पासवर्ड कुणी सांगितलेलाच नाही. बाळाचा रक्ताचा रिपोर्ट बघायचाय, डॉक्टर फोनवर थांबलेत. तुम्हाला माहीत आहे का हो?"

माहीत होता. इतकं सगळं होऊनही तो कुणी बदलला नव्हता. तो हिला दिला की माझी फाईलही हिच्या हातात जाणार, हे मला लख्ख दिसत होतं. पण पेटीत बाळ होतं. मी सांगितला. ती तो पुटपुटत पळाली.

दुपारी ती दुपटी न्यायला आली. "बाळ बरं आहे," म्हणाली. मला खरंच हायसं वाटलं. मी गठ्ठा उचलून द्यायला गेले, तर तिने तो माझ्या हातातून अलगद काढून घेतला आणि एकेक शब्द सुटा करत, पेशंटशी बोलतात तसं, म्हणाली, "तुम्ही बसा हं, ताई. दमू नका."