पंच्याण्णव म्हणालो, ती चूक

मी एक जुना ऑक्सिमीटर आहे. कपड्यांच्या चिमट्याएवढा. मित्रांनो, बोट माझ्या तोंडात दिलंत की रक्तात प्राणवायू किती, ते मी सांगतो. निदान तसं मला शिकवलं होतं.

कारखान्यात माझी परीक्षा झाली ती गोऱ्या बोटांवर. शाबासकी मिळाली. काळं बोट कुणी दिलंच नाही. आणि पाठवलं कुठे, तर अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीकाठच्या या गावात, जिथे दवाखान्यात दहातली नऊ बोटं काळी! काळ्या कातडीतून उजेड वेगळा येतो आणि मी आकडा वाढवून सांगतो, हे मला ठाऊक नव्हतं. मोठ्या माणसांना होतं.

म्हणून तर सरकारी सभेत ठराव झाला. वर्णभेद हाही आजारच आहे, काळ्या कातडीवर चुकणारी यंत्रं सहा महिन्यांत बदलू. टाळ्या पडल्या, फोटो निघाले. चर्चमधल्या वडीलधाऱ्या मदर अर्सेल पहिल्या रांगेत टोपी घालून बसल्या होत्या. त्या इतक्या जोरात "आमेन!" म्हणाल्या की साहेबांची सही वाकडी झाली.

वर्ष उलटलं. नवं यंत्र आलं नाही. माझ्या पाठीवर एक चिठ्ठी मात्र चिकटली: 'सर्वांना समान आरोग्य'.

ईस्टरच्या आठवड्यात मदर अर्सेल धापा टाकत आल्या. सोबत लेक जोनेटा.

"मदर, आधी नखांचा रंग पुसा. रंगानं यंत्र चुकतं," डॉक्टर म्हणाले.

"ईस्टरसाठी लावलाय रे बाळा. देव नखं बघत नाही, पण... चर्चमधली सिस्टर पर्ल बघते!"

तरी पुसला. एकाच बोटाचा पुसला तर हात वाईट दिसेल, म्हणून दहाही बोटांचा.

मी म्हणालो, पंच्याण्णव.

"छान! घरी जाऊन आराम करा."

"छान?" जोनेटा उसळली. "ओठ बघा तिचे, राखेसारखे झालेत!"

नर्स लवॉन हळूच म्हणाली, "डॉक्टर, बदलायचं होतं ते यंत्र हेच."

"समिती बसलीय त्यावर. ब्याण्णवच्या खाली गेलं तरच रुग्णवाहिका. नियम आहे."

दुसऱ्या सकाळी त्या चुलीपाशीच कोसळल्या. शहरातल्या इस्पितळात रक्त काढून तपासलं. चौऱ्याऐंशी.

जीव वाचला. पण पूर्वी चर्चमध्ये मदर भजनाची एकेक ओळ सांगत आणि मग सगळे ती गात. आता त्यांना अर्ध्या ओळीलाच दम लागतो.

परवा त्या तपासणीला आल्या. लवॉन म्हणाली, "मदर, फेकून देऊ का याला?"

"त्याला कशाला? त्याला कुणी शिकवलंच नाही. ज्यांना कळत होतं, त्यांना विचार ना गं."

मित्रांनो, कुणी म्हणालं, 'मला श्वास पुरत नाही', तर आधी त्याचं खरं माना. माझं मग बघा. मी अजून याच टेबलावर आहे, आणि बाहेर बाकावर माणसं बसली आहेत.