आधी आपला फोटो पुसायचा

त्या बुधवारी काहीच विशेष घडलं नाही. पारगावच्या पुढे, तिन्ही बाजूंनी उसाने वेढलेल्या मळ्यावर लंकाबाईंनी धुणं वाळत घातलं, गाईंना पाणी पाजलं आणि ओट्यावर बसून मुलीला फोन लावला. मुलगी इंद्रायणी पुण्याच्या एका कॉलेजात शिकवते.

"इंदू, फोन परत भरला गं. सकाळधरनं तेच लिहून येतंय. जागा संपत आली, फोनची कामं बंद पडतील म्हणतंय."

"काही बंद पडत नाही आई. घाबरू नकोस."

"तुला काय जातंय घाबरू नको म्हणायला! परवा ग्रुपवर निरोप आला, वढ्याकडच्या उसात बिबट्या बसलाय म्हणून. माझ्या फोनात तो उघडंचना. नुसतं गोल गोल फिरतंय. मी आपली तिकडंच गवताला गेले. माघारी आल्यावर सखूबाईनं सांगितलं, तवा हातपाय गार पडले माझे."

इंद्रायणीपुढे तपासायच्या पेपरांचा गठ्ठा होता. तिने पेन खाली ठेवलं. "सेटिंगमध्ये जा. तिथं स्टोरेज लिहिलंय बघ. काय दिसतंय?"

"दिसतंय की. लई रंगाच्या पट्ट्या हायेत. ह्यो करड्या रंगाचा सगळ्यात मोठा कोण? सिस्टीम. ह्यालाच उडवू का?"

इंद्रायणीला हसू आलं. "त्याला नाही उडवता येत. तो फोनचाच असतो, त्याच्यावर फोन चालतो. बाकीचं बघ. तुला जे नको असेल ते उडवून टाक."

"बरं. बघते नको काय हाय ते," लंकाबाई म्हणाल्या.

शुक्रवारी सकाळी डेअरीला दूध घालून परतताना त्या बांधावर बसल्या आणि उठल्या नाहीत. हृदय थांबलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. उसातून काही आलं नव्हतं. ज्याच्या भीतीने त्या इतकी वर्षं दिवस मावळायच्या आत गोठ्याचं दार लावून घेत होत्या, तो जवळपाससुद्धा नव्हता.

सावडण्याचा विधी झाला, पाहुणे पांगले. एका दुपारी इंद्रायणी मोरीवर भांडी घासत होती. तिने सहज आईचा चेहरा डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला आणि तो आला नाही. हिरव्या बांगड्यांतले हात आले. कपाळावरचं गोंदण आलं. "इंदू" अशी हाकही नीट ऐकू आली. पण चेहऱ्याच्या जागी काहीच नव्हतं.

तिच्या हातातलं पातेलं खाली पडलं. इतक्यात? एवढ्या थोड्या दिवसांत?

ओल्या हातांनीच तिने देव्हाऱ्याशेजारचा आईचा फोन उचलला आणि गॅलरी उघडली. नातवंडांचे फोटो होते. गोरखच्या ट्रॅक्टरचे होते. वडील सावळेराम, म्हणजे घरातले आण्णा, नव्या टोपीत होते. कालवड होती, साठवलेल्या कांद्याची आरण होती. इंद्रायणी खाली खाली जात राहिली. आईच्या फोनमध्ये आईचा एकही फोटो नव्हता.

मग तिने स्वतःचा फोन उघडला. मुलाच्या वाढदिवसाच्या फोटोत एका कडेला आईचा हात होता, हातात ताट. दिवाळीच्या फोटोत पाठमोरी आई स्वयंपाकघराकडे निघालेली. आणखी एकात नुसता पदर. माणूस घरभर वावरलं होतं आणि चौकटीत कुठेच सापडत नव्हतं.

तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. धाकटा भाऊ गोरख आत आला.

"ताई, आईचा फोन दे. मंचरला चाललोय. आण्णांना फोन लागेल आता, मळ्यावर एकटा माणूस. दुकानदार म्हणला, फोन पार भरलाय, फॉरमॅट मारावा लागंल. अन् दशक्रियेच्या फ्लेक्ससाठी एक चांगला फोटो काढून ठेव. फ्लेक्सवाल्यालाबी आजच द्यायचाय."

"फॉरमॅट मारलं की सगळं जाईल, गोरख."

"जाऊ दे की. काय हाये त्यात? गाया अन् कांदे."

"आईचा फोटो नाही कुठंच."

"असं कसं? तुझ्याकडं असंल की."

"माझ्याकडे नाही. तुझ्याकडे आहे?"

गोरखने खिशातून फोन काढला. चाळला, पुन्हा चाळला. त्याचा चेहरा उतरत गेला. मग तो म्हणाला, "आधार कार्डावरचा टाकू."

दोघांनी आधार कार्ड काढून पाहिलं. त्यावर आई अशी बघत होती, जणू कोणीतरी दटावून तिला स्टुलावर बसवलं होतं. हा चेहरा रस्त्याच्या कडेला मोठा करून लावायचा? आणि पुढे आयुष्यभर आई म्हटलं की हाच आठवायचा? इंद्रायणीने फोन छातीशी धरला.

"आज नाही देणार मी हा."

"ताई, तू पुण्याला अन् मी गावातल्या घरी गेलो की आण्णा रात्री एकटेच. काय झालं तर हाक कुणाला मारायची त्यांनी?"

गोरखचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणूनच तिला जास्त भीती वाटत होती.

अशात शेजारच्या मळ्यावरची सखूबाई आणि बचत गटातल्या आणखी तिघीजणी भाकरी-पिठलं घेऊन आल्या. दुखवट्याच्या घरी चूल पेटवायची नाही म्हणून रोज कोणी ना कोणी यायचंच. इंद्रायणीने त्यांना बसायलाही सांगितलं नाही. उभ्या उभ्याच विचारलं, "सखूमावशी, तुमच्याकडे आईचा फोटो आहे का? गटाची सहल गेली होती ना भीमाशंकरला दोन महिन्यांपूर्वी?"

"व्हता की! देवळाच्या पायऱ्यांवर सगळ्याजणींनी काढला. माझ्या फोनात व्हता."

"होता म्हणजे?"

"पुसला. तवाच फोन भरला व्हता. म्हणलं, चंद्राकडं असंल."

चंद्रा पदराचं टोक चाळवत म्हणाली, "मी पण तवाच पुसला. मला वाटलं, लंकाबाईकडं असंल."

तिसरीने मान हलवली. चौथीनेही. चौघींनी चार फोन बाहेर काढले. मुलं, सुना, नातू, बैलजोडी, गावच्या यात्रेतला तमाशाचा तंबू. त्या बायका मात्र कुठेच नव्हत्या.

"तुम्ही सगळ्यांनी आपापलेच फोटो का पुसले?"

"अगं, तुझ्या आईनंच शिकवलं आमाला," सखूबाई म्हणाली. "गटात पयला मोठा फोन तिचाच. तिनं सांगितलं, जागा संपली असं आलं की घाबरायचं न्हाय. आधी आपला फोटो पुसायचा. नवऱ्याचा पुसला तर तो चिडतो. नातवाचा पुसला तर पोरं रुसत्यात. कालवडीचा पुसला तर इकायच्या वक्ताला दाखवायचा काय? आपला पुसला तर कुणाच्या ध्यानातबी येत न्हाय."

गोरखने हेल्मेट ओट्यावर ठेवलं.

इंद्रायणीने त्या चार फोनांकडे पाहिलं. या मळ्यापासून त्या मळ्यापर्यंत किती फोन असतील, आणि त्यांतून किती बाया अशा आपल्या हाताने नाहीशा होत असतील! कोणी जुलूम केला नव्हता, कोणी दटावलं नव्हतं. घरात कमी काय करायचं म्हटलं की पहिली नजर स्वतःकडे वळायची, ती सवय फोनमध्येही आली होती.

तिने आईच्या फोनवर स्टोरेजचं पान उघडलं आणि सगळ्यांपुढे धरलं. "हे बघा. ही एवढी मोठी करडी पट्टी आहे ना, हे सिस्टीम. निम्म्याहून जास्त फोन यानंच खाल्लाय, विकत आणला त्या दिवसापासून. दर अपडेटला आणखी वाढतं. ही पिवळी पट्टी ॲपची. आणि फोटो? ही कडेची बारीक रेघ."

"एवढीशी?" चंद्रा पुढे वाकली.

"एवढीशी. त्यातही तुमचे फोटो किती असतील! ते पुसून काही जागा होत नव्हती."

सखूबाईने त्या करड्या पट्टीवर बोट ठेवलं. "म्हंजी हा बसून खाणार, अन् बाहेर आमी व्हायचं? भारीच हाय की राव! माझ्या थोरल्या दिराची आठवण झाली."

चंद्राला हसू फुटलं आणि लगेच डोळ्यांत पाणी आलं. सखूबाई मात्र हसली नाही. ती इंद्रायणीकडे वळली.

"इंदू, राग धरू नको. पर तू शिकलेली हाईस म्हणून सांगते. फोनाचं गणित तू आज सांगितलंस, चांगलं केलंस. पर समज, खरंच आमच्या फोटोनंच फोन भरला असता, तरी पुसायचा कुणाचा? आमचाच का? जागा असली तर ऱ्हावं अन् नसली तर जावं, अशी बाई काय पावणी हाय का घरात? लंकाबाई मला बहिणीवाणी. पर हे तिनं चुकीचं शिकवलं, अन् आमी मुकाट शिकलो. आमच्या पोरींनी तरी शिकू नये."

इंद्रायणीने मान डोलावली. मग एकदम काहीतरी आठवून तिने विचारलं, "मावशी, आईने तो फोटो कधी पुसला?"

"बुधवारी. तुझा फोन झाल्यावर लगीच. माझ्यासमोरच की."

बुधवारी! पुसलेले फोटो लगेच जात नाहीत. ते महिनाभर कचरापेटीत पडून असतात आणि मग आपोआप नष्ट होतात. म्हणजे आईने स्वतःला पुसल्यावर तसूभरही जागा मोकळी झाली नव्हती. पण म्हणजेच तो फोटो अजून आत होता!

तिने गॅलरी उघडली, कचरापेटीच्या खुणेवर बोट ठेवलं. पडदा गोठला. वरती तीच सूचना आली, जागा संपली आहे. मग पडदा काळा झाला.

"बंद पडला?" गोरख ओरडला.

इंद्रायणीने फोन दोन्ही हातांत घट्ट धरला. फोन हातात गरम लागत होता. आई याच भीतीने रोज हा फोन उशाशी घेऊन झोपत असेल, याच भीतीने गवताला जात असेल. आपण त्या भीतीला हसलो होतो. बायका गोल करून उभ्या राहिल्या. सखूबाईने डोळे मिटून हात जोडले. कंपनीची खूण आली, गेली, पुन्हा आली. फोन स्वतःहूनच चालू होत होता.

गॅलरी उघडली. कचरापेटी उघडली. एक फोटो होता.

भीमाशंकरच्या पायऱ्यांवर सहा बायका. पाच समोर बघत होत्या. लंकाबाई मात्र बाजूच्या सखूबाईकडे वळून हसत होत्या, पदराने तोंड झाकायला गेलेला हात अर्ध्यावरच राहिलेला.

"आई!" गोरख म्हणाला आणि मटकन ओट्यावर बसला.

इंद्रायणीने तो परत गॅलरीत घेतला, स्वतःला पाठवला, गोरखला पाठवला, सखूबाईला पाठवला. मग आईच्या फोनमधून कोणी न वापरलेली तीन-चार ॲप काढून टाकली. फोन हलका झाला. त्यात अडकून राहिलेले ग्रुपवरचे निरोप एकामागून एक उतरू लागले. वढ्याच्या उसातला बिबट्या, त्याच्या पावलांचा फोटो, सगळ्यांनी जपून राहा. आईला हवा होता तेव्हा न उघडलेला निरोप.

"फॉरमॅट नको ताई," गोरख म्हणाला. "हा असाच ऱ्हाऊ दे. आण्णांना माझा फोन देतो, माझं मी बघतो. अन् आज कुणी हलू नका. सखूमावशी, चंद्राकाकी, बसा तिथं ओट्यावर. एकेकीचा काढतो. जी पुसंल तिला दंड!"

"मेल्या, अशा घरात फोटो काढत्यात का?" सखूबाई रागावली. पण बसली. पदर नीट केला आणि समोर बघितलं.

वाचकहो, तुमच्या घरीही असा एखादा फोन असेल, आपण वापरून टाकलेला, आईच्या हाती दिलेला. तो भरला की ती घाबरते आणि आपण तिला चार शब्दांत वाटेला लावतो. आज तो फोन हातात घ्या. जागा कोण खातं ते तिला दाखवा, नको ते तुम्ही स्वतः काढून द्या, गावचा निरोप तिच्यापर्यंत पोचतो का ते बघा. आणि त्या फोनमध्ये ती स्वतः आहे का, हेही शोधा. नसेल तर चूक तिच्या एकटीची नाही. घरात जागा कमी पडली की आधी बाईने सरकायचं, हे आपण सगळ्यांनी मिळून तिला शिकवलं आहे. ते आपणच मोडायला हवं.

दिवस कलायला लागला तशा चौघीजणी हातात काठ्या घेऊन, एकमेकींना धरून उसाच्या कडेने घरी गेल्या. गोरख फ्लेक्ससाठी तो फोटो द्यायला मंचरला गेला. आण्णा गोठ्याचं दार लावत होते.

इंद्रायणी ओट्यावर एकटी बसली. फोटो मोठा केला, इतका की बाकीच्या पाचजणी चौकटीबाहेर गेल्या आणि फक्त आई उरली. आता चेहरा होता. तरी आई दुसरीकडेच बघत होती. इतक्या वर्षांत एकदाही न म्हटलेलं वाक्य इंद्रायणीच्या तोंडून मोठ्याने बाहेर पडलं.

"आई, काम ठेव आणि इकडं बघ जरा. मला तुझा फोटो हवाय."