गोळ्यांची पाळी कुणाची?

त्या मंगळवारी माझ्या खणात अर्धीच गोळी पडली. मी दचकले. वाटलं, आजीच्या हातून तुटली असेल. पण बुधवारच्या खणातही अर्धीच.

मी कुशाबाईंची गोळ्यांची डबी बोलतेय. सात खण, सात झाकणं. रविवारचं आता नीट बसत नाही. स्नेहलनं, त्यांच्या नातीनं, मला मेडिकलच्या काचेआडून उचललं. आजीला वारांची अक्षरं वाचता येईनात, म्हणून तिनं सोमवारच्या झाकणावर टिकली चिकटवली. तेव्हापासून आजी टिकली चाचपते आणि तिथून बोटानं वार मोजत जाते.

आजीला दोन मुलगे. थोरले सर्जेराव, स्नेहलचे वडील, मांडवगण फराट्यात शेती करतात. धाकटे सुदर्शन रांजणगावला कंपनीत. जमिनीची वाटणी झाली तेव्हा आजीचीही पाळी ठरली, एक महिना इकडं, एक महिना तिकडं. पाळी ज्याची, भाकरी त्याची. लुगडी कुणी घ्यायची तेसुद्धा ठरलं. गोळ्यांचं मात्र कुणाला सुचलंच नाही. आजीला तेव्हा बीपी नव्हतं ना!

आजीच्या पिशवीत बसून मीही ये-जा करते. पाळी बदलताना दर वेळी तेच ऐकते.

"रिकामी डबी घिऊन आली व्हय आई? सुदर्शननं भरून नगं का द्यायला?"

"दादा, गोळ्या तुमच्याकडं असताना सुरू झाल्या. मी काय त्यांचा मक्ता घेतलाय व्हय?"

सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात म्हणे. मिळतात तेव्हा मिळतात.

 आजी विळी घ्यायची आणि गोळी मधोमध कापायची. "अर्धी का हुईना, पोटात तर जाती," असं पुटपुटत मला बंद करायची. मला ओरडायचं असायचं. पण झाकणाला कट्ट एवढंच बोलता येतं.

आज घरी आजी आणि स्नेहल दोघीच. स्नेहलचे आईवडील वढूला लग्नाला गेलेत. आजी पाणी प्यायला उठली आणि भिंत धरून खाली बसली.

"घर फिरतंय गं."

स्नेहलनं मला उघडलं. आतला एक अर्धा तुकडा उचलून तिनं आजीसमोर धरला.

"आजी, हे काय? कधीपासून?"

"वरडू नगं. तुझा बा आन् काका भांडत्यात मंग."

तिनं वडिलांना फोन लावला. लग्नाच्या बँडात त्यांना ऐकू येत नसावं. काकांना लावला. ते शिफ्टला, फोन लॉकरमध्ये. मी तिच्या मुठीत घामानं भिजले. मलाच भीती वाटत होती, की कुणी उचललाच तर पहिला प्रश्न येईल, गोळ्यांची पाळी कुणाची?

माणसांनो, भाकरी वाटून घेता तशी औषधंही वाटून घ्या हो. निम्मं तू, निम्मं मी, असं भावाभावांत ठरवा. निम्मी गोळी म्हातारीच्या वाट्याला देऊ नका.

स्नेहलला मग दौंडची शेवंताआत्या आठवली. आजीची एकुलती लेक. जमिनीत तिला वाटा नव्हता, म्हणून पाळीतही तिचं नाव नव्हतं, आणि म्हणूनच आजवर तिला कुणी काही कळवलं नव्हतं.

रिंग वाजत राहिली. आता बंद पडणार असं वाटलं, तोच आवाज आला.

"बोल गं स्नेहल. माझी आई बरी हाय ना?"