वार्निशचा एक हात

तिसऱ्या अंड्यावरून ब्रश फिरला आणि रंगारी जागच्या जागी थिजला.

अंडी खरं तर झकास झाली होती. कांद्याच्या सालींच्या पाण्यात उकडून तांबूस झालेली, टेप चिकटवली होती तिथे पांढऱ्या रेघा उमटलेल्या. फक्त जरा मलूल दिसत होती, म्हणून सवयीने त्याने कोपऱ्यातला डबा उघडला होता. दारं-खिडक्या रंगवण्यात आयुष्य गेलेलं. वर वार्निशचा एक हात दिल्याशिवाय काम पुरं झालं असं त्याला वाटतच नसे. आता त्याच्या तोंडचं पाणी पळालं. उद्या ईस्टरच्या सकाळी पोरं ही अंडी खाणार होती.

चौथं तेवढं वाचलं होतं. ते त्याने घाईघाईने लांब नेऊन ठेवलं आणि खिडकी सताड उघडली. वास ढिम्म हलला नाही.

आणि नेमका वासच नको होता. महिन्यापूर्वी शाळेच्या फाटकापाशी लेक हळूच म्हणाली होती, "पप्पा, उद्यापासून आईला पाठवा ना. तुमच्या कपड्यांना वास येतो. मुली विचारतात." रागाने म्हणाली असती तर त्याने दटावलं असतं. ती अगदी समजुतीने बोलली, तेच त्याला लागलं. तेव्हापासून तो कामावरून आला की आधी नळाखाली कोपरापर्यंत हात घासायचा आणि मगच घरात बोलायचा.

या वर्षी दुकानातल्या टोपल्या परवडणार नाहीत हे ठरल्यावर त्याने रंगाचे दोन छोटे डबे घेतले होते. नावं खरवडली, सोड्याने घासले, आठवडाभर उन्हात उलटे ठेवले. रोज नाक खुपसून बघायचा. वास पार गेला तेव्हा कुठे त्यांना पांढरा रंग दिला आणि तोही सुकून बिनवासाचा होईपर्यंत जिवाला घोर लावून घेतला. बायकोने आत जुन्या चादरीच्या पट्ट्या अंथरल्या, लेकीसाठी सूर्यफुलाच्या बियांची पुरचुंडी ठेवली, धाकट्यासाठी लोकरीचा ससा विणला. अंडी तेवढी त्याच्याकडे होती.

बायको हॉस्पिटलात आया होती. ड्युटीवरून आली आणि उंबऱ्यातच थांबली.

"घर रंगवायला काढलंत की काय?"

"अंड्यांना वार्निश लावलं."

तिला हसू फुटलं. नवऱ्याचा चेहरा पाहून तिने ते गिळलं.

"दुसरी आणायची का?"

"कशातून आणणार?"

पिशवी खुंटीला अडकवून तिने वाचलेलं अंडं धाकट्याच्या डब्यात ठेवलं. "हा मेला दिसेल ते तोंडात घालतो. त्याला हेच दे. तिला नीट सांग. कळतं तिला आता."

कळतं, हीच तर पंचाईत होती.

सकाळी लेकीने डबा उघडला. अंडं काचेसारखं चमकत होतं.

"हे खायचं नाही हं," तो म्हणाला. "नुसतं ठेवायचं."

"का?"

"वार्निश लागलंय त्याला." लावलं म्हणायचा धीर झाला नाही.

तिने अंडं नाकाशी नेलं. त्याने श्वास रोखून धरला. तिने ते परत डब्यात ठेवलं आणि वरून चादरीची पट्टी ओढून झाकून टाकलं. झालं, त्याला वाटलं. त्याला उत्तर मिळालं होतं.

प्रार्थनेनंतर चर्चच्या अंगणात पोरं अंड्यावर अंडं आपटून फोडू लागली. रिबिनींच्या, चकचकीत कागदाच्या टोपल्या मिरवत होत्या. तो मुद्दाम लांब, कुंपणाच्या भिंतीपाशी उभा राहिला. रिबिनीची टोपली घेतलेली एक मुलगी लेकीजवळ आली, डब्यात डोकावली आणि तिने नाक मुरडलं. काहीतरी विचारलं. लेकीने पट्टी बाजूला केली, काहीतरी सांगितलं. एवढ्या गलक्यात त्याला ऐकू येणं शक्यच नव्हतं. त्याने तोंड फिरवलं आणि भिंतीचा पोपडा नखाने काढत बसला. पुट्टी नीट भरली नव्हती कुणीतरी. पुन्हा पाहिलं तेव्हा ती मुलगी डब्यावर वाकून परत वास घेत होती.

परतताना धाकटा त्याच्या खांद्यावर होता आणि टरफलांचा चुरा त्याच्या केसांत पाडत होता. बायको पुढे चालली होती. लेक शेजारून चालत होती, डबा हातात.

"पप्पा, उद्या शाळेत घ्यायला कोण येणार?"

"आई. रोजच्यासारखी."

"आईची उद्या रात्रपाळी आहे. दुपारी झोपू दे तिला."

"मग?"

"मग काय, तुम्ही या."

त्याने धाकट्याला खांद्यावर सावरून घेतलं. घसा खाकरून म्हणाला, "येईन ना. कामावरून जरा लवकर निघतो. घरी जाऊन आंघोळ करतो, कपडे बदलतो, म्हणजे मग..."

लेकीने डब्यातली पट्टी उचलून अंडं आहे ना ते पाहिलं.

"नको," ती म्हणाली. "बदलत बसलात तर उशीर होईल."