एवढी रेघ झाक, ताई

दोघी बहिणींची दुकानं एकाच रस्त्यावर, समोरासमोर. इकडे ताईचं ब्युटी पार्लर, तिकडे बारकीचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. दुकान मूळ वडिलांचं. त्यांच्या मागे बारकीनं ते असं काही सांभाळलं, की म्हातारी गिऱ्हाइकंही म्हणायची, पोरीचा हात बापापेक्षा हलका आहे. बारकी आता पंचेचाळिशीला आलेली, ताईपेक्षा वीतभर उंच, तरी घरात नाव बारकीच.

तिच्या डाव्या अंगठ्याच्या नखावर काळी रेघ उमटली, तेव्हा दोघींनी ती हसण्यावारी नेली होती. पेन्सिलीनं ओढावी तशी बारीक, उभी रेघ.

"घड्याळाचं झाकण उघडताना चाकू सटकला असेल कधीतरी," बारकी म्हणाली. "पण गिऱ्हाइकाची नजर आधी माझ्या हातावर जाते गं. बाईला नखं धुवायलाही वेळ नाही असं वाटतं त्यांना. एवढी रेघ झाक, ताई."

ताईनं झाकली. दर सोमवारी पार्लर बंद असायचं, तेव्हा बारकी दुपारी यायची, हात पुढे करायची आणि खुर्चीत डोळे मिटून पडायची. सकाळपासून भिंगातून बघून डोळ्यांचं पार भरीत व्हायचं तिच्या. ताई जुना रंग पुसायची, नवा लावायची. तेवढ्यात बारकी चक्क घोरायची. म्हणजे ते नख उघडं बघणारी जगात एकटी ताईच.

रेघ रुंदावतेय हे तिच्या लक्षात आलं होतं. सहा महिन्यांत पेन्सिलीची रेघ खडूएवढी झाली. मग नखाच्या मुळाशी, कातडीवरही काळसर छटा उतरली. ताईनं फिका गुलाबी रंग सोडून गडद मरून घेतला. पार्लरचं काम शिकताना बाईंनी वर्गात सांगितलं होतं, नखावर काळा पट्टा वाढताना दिसला तर रंग लावू नका, आधी डॉक्टरांकडे पाठवा. ताईनं ते वहीत लिहूनही घेतलं होतं.

एकदा तिनं तोंड उघडलं होतं. "बारके, हे जरा दाखवून येऊ या का?"

"कुठे? हॉस्पिटलात?" बारकीनं डोळेही उघडले नाहीत. "आईच्या आजारपणापायी तीन वर्षं तिथंच बसलो होतो. आता मला फरफटत नेलंस तरच येईन."

फरफटत न्यायला हवं होतं. पण ताईलाही ते लांबलचक बाक आणि फिनेलचा वास नकोच होता. बघू पुढे, असं म्हणून तिनं वर आणखी एक थर दिला.

अखेर पित्ताशयातल्या खड्यांच्या ऑपरेशनसाठी बारकीला भरती व्हावंच लागलं. बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावण्याआधी नर्सनं कापसानं रंग पुसला आणि हातातला कापूस तसाच धरून ती डॉक्टरांना बोलवायला गेली. खडे राहिले बाजूला. नखाखालचा तुकडा तपासायला गेला आणि दहा दिवसांनी उत्तर आलं: मेलानोमा. कातडीचा कर्करोग नखाखालीही होतो, हे बारकीला तेव्हा कळलं. अंगठ्याचं पुढचं पेर काढलं. काखेतल्या गाठींत आजार पोचला होता, फुप्फुसातही तीन ठिपके दिसत होते.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलणं मोजकं आणि स्वच्छ. त्यांनी नव्या औषधाच्या चाचणीबद्दल सांगितलं. शरीराचीच प्रतिकारशक्ती जागी करणारं औषध, दर तीन आठवड्यांनी शिरेतून. "काहींना लागू पडतं, काहींना नाही. नखाच्या प्रकारात जरा कमीच. पण आशा आहे, म्हणूनच विचारतेय." मग त्यांनी कागद पुढे ओढला. "पट्टा रुंद होतोय हे कधी लक्षात आलं?"

"मला कुठलं लक्षात येतंय," बारकी म्हणाली. "मी झोपलेली असायचे."

शेजारी बसलेली ताई पर्सची चेन उघडत-लावत राहिली.

ते न बोलणं तिला आठवडाभर जेवू देईना. शेवटी ती भर दुपारी पार्लर बंद करून बारकीच्या घरी गेली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून मोकळी झाली. रुंद झालेली रेघ, मरून रंग, वहीत लिहिलेलं वाक्य.

बारकी बँडेजकडे बघत राहिली. "किती महिने?"

"वर्ष तरी."

"आणि तू माझ्याशी बाकी सगळं बोलत होतीस."

"चुकलं माझं, बारके."

"हो, चुकलं." तिचा आवाजही चढला नाही. "आता जा तू, ताई."

पुढचे बारा दिवस समोरासमोरच्या दुकानांत बोलणं नव्हतं. बारकीचं शटर खालीच होतं आणि ताई काचेतून तेच बघत बसायची. एका बाईच्या भुवया तिनं कमी-जास्त करून ठेवल्या. तेराव्या दिवशी फोन आला. "उद्या पहिला डोस आहे. रिक्षात एकटीला भीती वाटते मला. तू ये. पण बोलू नकोस."

ताई गेली, बोलली नाही. दुसऱ्या डोसालाही तसंच. बारकीच्या अंगावर पुरळ उठलं, ताप आला, पायांत गोळे आले. ताई पाय चेपायची आणि बारकी भिंतीकडे तोंड करून म्हणायची, "जरा वर. अजून वर." तेवढंच काय ते संभाषण.

चौथ्या डोसानंतर स्कॅन झाला. डॉक्टरीणबाईंनी चित्र दोघींकडे वळवलं. दोन ठिपके लहान झाले होते, तिसरा होता तेवढाच. "चांगली सुरुवात आहे. यापुढे बघत जायचं," त्या म्हणाल्या.

"वर्षभर आधी आले असते तर?" बारकीनं विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी क्षणभर ताईकडे पाहिलं. "कदाचित एवढं पसरलं नसतं. खात्रीनं कुणीच सांगू शकणार नाही."

बाहेर आल्यावर ताईला रडू आवरेना. बारकी बाजूला उभी राहिली. तिनं ना जवळ घेतलं, ना हटकलं. ताईनं डोळे पुसून पदर सरळ केला, तेव्हा म्हणाली, "उद्यापासून दुकान उघडतेय. डाव्या हातात घड्याळ ठरत नाही माझ्या. अकरा वाजता ये, धरायला कुणीतरी लागेल."

"येते."

"माफ केलं असं समजू नकोस."

"नाही समजत."

दुसऱ्या दिवशी अकराला ताई भिंगाच्या दिव्याखाली एक लेडीज घड्याळ दोन्ही हातांनी धरून बसली. बारकी चिमट्यानं स्क्रू उचलत होती. "हलू नकोस गं," ती खेकसली. ताईनं कोपरं टेबलावर टेकवली आणि घड्याळ आणखी घट्ट धरलं.