एमेटच्या नऊ बिया

वर्ना ऑल्डरसनने डबी हातावर उलटी करून आपटली तेव्हा नऊ बिया पडल्या. तिने पुन्हा आपटली, आत बोट फिरवलं, खिडकीशी नेऊन पाहिलं. नऊच. डबी कॅमेऱ्याच्या रिळाची होती, आणि गेली पाच वर्षं ती फ्रिजमध्ये लोण्याच्या मागे पडून होती. या नऊ बियांपलीकडे एमेटचं वाण जगात कुठेही शिल्लक नव्हतं.

एमेट तिचा नवरा. नोव्हेंबरात गेला. छत्तीस वर्षं त्याने हंबोल्ट परगण्यातल्या या डोंगरावर गांजाचं एकच वाण राखलं होतं. दरवर्षी चांगल्यातली चांगली झाडं निवडायची, त्यांचं बी धरायचं, आणि कोणी कितीही गयावया केली तरी दाणा बाहेर जाऊ द्यायचा नाही. पाच वर्षांपूर्वी त्याच्या फुप्फुसांनी दगा दिला आणि बी धरणं थांबलं. जायच्या आदल्या आठवड्यात तो म्हणाला होता, “मार्चमध्ये लाव गं. ठेवून ठेवून बी मरतं.” लाव म्हणाला खरा, पण कसं लावायचं ते सांगायचं राहिलं. चाळीस वर्षं स्वयंपाकघरामागच्या रोपांच्या खोलीत बायकोला पाऊल टाकू दिलं नाही, आणि जाताना सगळा कारभार तिच्या गळ्यात. वर्नाला त्याचा राग आला, आणि राग करायला समोर माणूसच नाही म्हणून रडू आलं.

मग डोळे पुसून तिने कामाला हात घातला. दाराच्या फटीतून पाहून पाहून तिला काही अगदीच ठाऊक नव्हतं असं नाही. कोमट पाण्याच्या पेल्यात बिया एक रात्र भिजवल्या. सकाळी सात तळाशी बसल्या होत्या, दोन वरच तरंगत होत्या. त्या दोन बोटाने ढकलल्या तरी पुन्हा वर आल्या; पोकळच होत्या. बुडालेल्या सात ओल्या कागदी रुमालात गुंडाळून बशीत ठेवल्या, वर दुसरी बशी पालथी घातली आणि जोडी फ्रिजच्या डोक्यावर उबेला ठेवली. दिवसातून दहादा ती बशी उचलून बघायची. तिसऱ्या दिवशी मटकीला येतात तसे पांढरे मोड आले. सातव्या बीला आला नाही. तिने तिला आणखी चार दिवस दिले, आणि मग चुलीत न टाकता अंगणात पुरलं.

सहा कागदी पेल्यांत माती, मातीत पेराएवढाही खोल नाही असा खड्डा, त्यात मोड खाली करून बी. वरून चिमूटभर माती. दोन दिवसांत कोंब वाकून वर आले. एकाच्या डोक्यावर टरफल टोपीसारखं घट्ट बसलं होतं, ते निघेना. तिने बोटाला थुंकी लावून ते मऊ केलं आणि भुवया काढायच्या चिमट्याने, श्वास रोखून, सोडवलं. आतून दोन गोल पानं उघडली. त्या दिवशी वर्ना महिन्यांत पहिल्यांदा मोठ्याने बोलली. “आलास का बाबा,” एवढंच म्हणाली, पण घरात कोणीतरी बोललं हे ऐकून तिची तीच दचकली.

रोपांवर चार बोटं अंतरावर ट्यूब लावायची, नाहीतर ती उजेडासाठी नुसती उंच होतात आणि माना टाकतात, हे तिला आठवत होतं. ट्यूब रोज सोळा तास जळणार. छपरावरच्या सौर पट्ट्यांची वीज तेवढ्यालाच पुरे. मग तिने टीव्ही बंद केला. घरातला तेवढाच एक बोलका आवाज होता, तोही गेला. खुर्ची ओढून ती रोपांसमोर बसू लागली. आणि बसलं की माणसाचे हात स्वस्थ राहत नाहीत. माती जरा फिकी दिसली की पाणी. जेवायला बसण्याआधी पाणी. एमेटची आठवण आली की पाणी. आठव्या दिवशी एक रोप मातीला टेकलेल्या जागी बारीक होऊन आडवं पडलं.

घाबरून तिने ट्रुडीला फोन लावला. ट्रुडी पलीकडच्या कड्यावर राहायची. सत्तरीची, दोनदा लग्न केलेली, दोनदा एकटी झालेली, आणि एकेकाळी या डोंगरावरची सगळ्यात हुशार लावणारी. या डोंगरावर गांजाचं नाव कोणी तोंडाने काढत नसे. कायद्याने आता घरटी सहा झाडांची मुभा देऊन वर्षं झाली, तरी जुनी माणसं अजून टोमॅटोच म्हणत.

“अगं ट्रुडी, माझ्या टोमॅटोचं एक रोप बुडाशी बारीक झालंय. झोपलंय.”

“मर लागली त्याला. पाणी किती घालतेस?”

“थोडंच.”

“थोडंच म्हणजे किती वेळा, ते सांग.”

वर्नाने हातातलं पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

“अगं बाई, टोमॅटो आहे, तान्हं मूल नाही! तासातासाला पाजतेस होय? पेला हातात घेऊन बघ. जड लागला तर ठेव खाली आणि अंगणात जा. हलका लागला तरच पाणी, तेही कडेकडेने. एक छोटा पंखा लाव, बुंधा घट्ट होतो.” मग ट्रुडीने विचारलं, “येऊ का बघायला?”

“नको गं. एवढ्यासाठी कुठे येतेस.”

“बरं,” ट्रुडी म्हणाली. “टोमॅटो कुठलं वाण?”

“असंच. बाजारचं.”

ट्रुडीने पुढे विचारलं नाही. डोंगराची रीत अशी की दुसऱ्याचं बी विचारायचं एकदा, दोनदा नाही. फोन ठेवल्यावर वर्नाला खोटं बोलल्याचं वाईट वाटलं. ट्रुडी आली असती तर बरं झालं असतं, हेही तिला फोन ठेवल्यावर कळलं.

उरलेल्या पाचांनी मात्र चांगला जीव धरला. ती रोज सकाळी पेले एकेक उचलून वजन बघायची आणि बहुतेक वेळा नुसतेच परत ठेवायची. हात आखडता घेणं तिला जड जाई. पण एप्रिलच्या मध्यापर्यंत रोपांना करवतीच्या दात्यांची तिसरी पानजोडी आली, बुंधे जांभळट झाले, आणि पान बोटांत चोळलं की एमेटच्या जुन्या कोटाला येई तोच वास यायचा. तिने तो कोट दारामागच्या खुंटीवरून काढला नव्हता. पाच रोपांत नर-मादी दोन्ही निघतील, ऑक्टोबरात झाडं संपायच्या आत बी धरेल, वाण वाचेल, असा हिशेब ती आता मनातल्या मनात धीटपणे करू लागली.

आणि एका सकाळी दहाच्या सुमारास हेलिकॉप्टर आलं.

जुन्या काळी सरकारी हेलिकॉप्टरं एप्रिलपासून टेहळणी करायची आणि मागोमाग खालून गाड्या यायच्या. त्या वीस वर्षांत ऑल्डरसनांच्या घरात कामं ठरलेली होती. आवाज कानावर पडला की एमेटने खोलीच्या दारातून पुढे केलेले रोपांचे ट्रे वर्नाने उचलायचे आणि घरामागे डोंगराच्या पोटात खणलेल्या कोठीत, भोपळ्यांच्या नि बरण्यांच्या मागे, पळवायचे. एमेट शेवटी यायचा, सगळं झाकायचा, कोठीचं दार बाहेरून लावून फाटकाशी उभा राहायचा. ती आत अंधारात बसून राहायची. धोका टळला की तो येऊन दारावर थाप मारी आणि म्हणे, “चला बाईसाहेब, पाहुणे गेले.” वर्नाला कधी एकदाही उशीर झाला नव्हता.

त्या सकाळीही झाला नाही. हातातला कॉफीचा पेला तिने कुठे टाकला ते तिला नंतर आठवेना. पाच पेल्यांचा ट्रे छातीशी धरून ती चिखलातून धावली. बहात्तर वर्षांच्या गुडघ्यांनी कुरकुर केली नाही. कोठीत शिरली, ट्रे मागच्या फळीवर सरकवला, कोपऱ्यातलं ओलसर गोणपाट ओढून त्यावर टाकलं, दार लावलं आणि बटाट्यांच्या खोक्यावर बसली. डोक्यावरून घरघर गेली. परत आली. पुन्हा गेली. मग सगळं शांत झालं.

ती थाप पडायची वाट बघत राहिली.

किती वेळ, ते तिला सांगता आलं नसतं. पाय बधिर झाले, नाक गळायला लागलं, तरी ती हलली नाही, कारण थाप पडल्याशिवाय उठायचं नाही हे ठरलेलं होतं. एमेट आज एवढा वेळ का लावतोय, म्हणून ती जरा चिडलीसुद्धा. आणि मग, त्या चिडण्यातच, तिला कळलं की थाप मारायला कोणी नाही. झाडं आता चोरीची नाहीत. हेलिकॉप्टर तिच्यासाठी आलंच नव्हतं. घरात एक माणूस असतं आणि नुसतं म्हणालं असतं, “अगं बस, कुठे पळतेस,” तर ती बसली असती.

तिने दार उघडलं. ऊन कलायला लागलं होतं. उजेडात तिने गोणपाट उचललं आणि तिथेच खाली बसली. एमेट गोणपाटाखाली आधी तारेच्या कमानी लावायचा. ते तिने कधी पाहिलंच नव्हतं, अंधारात ते तिच्यामागे व्हायचं. ओल्या गोणपाटाच्या भाराने चार रोपं बुंध्याशी तुटून मातीत चिकटली होती. पाचवं कोपरात मोडल्यासारखं वाकलं होतं, पण सालीच्या एका धाग्याने धरून होतं.

ट्रे घरात नेऊन तिने स्वयंपाकघरात ठेवला आणि फोन उचलला.

“ट्रुडी, टोमॅटो नाहीत ते. गांजा आहे. एमेटचं वाण. शेवटच्या नऊ बिया होत्या. मी मारलं सगळं. एक आहे, तेही मोडलंय. तू ये.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग ट्रुडी म्हणाली, “मोडलेल्याला हात लावू नकोस. निघाले.”

अर्ध्या तासात तिची गाडी फाटकाशी आली. ट्रुडी सरळ स्वयंपाकघरात गेली. दात कोरायच्या दोन काड्या, शिवणाचा दोरा आणि चष्मा घेऊन बसली. वाकलेला बुंधा तिने दोन बोटांत सरळ केला, काड्या लावल्या आणि दोरा सैलसर गुंडाळला. तिच्या स्वेटरला पाठीवर ओल्या मातीचा मोठा डाग होता, केसांत कोळ्याचं जाळं.

“हे काय गं पाठीला?” वर्नाने विचारलं.

“वीज कंपनीचं होतं ते हेलिकॉप्टर. तारांवर पडलेली झाडं बघत होते.” ट्रुडीने दोऱ्याला गाठ मारली. “मला आधी कोणी सांगितलं, माहितीय? कोणी नाही. मीही माझ्या कोठीत होते. दुपारी एकपर्यंत.”

“तू? तुझ्याकडे तर चार वर्षं एक पान नाही!”

“नाही ना. रिकाम्या हाताने पळाले. जाऊन बसले.” ट्रुडी हसली, आणि हसता हसता तिने चष्मा काढून डोळे दाबले. “वेड लागलंय आपल्याला, वर्ना.”

वर्नाने तिच्यापुढे कॉफी ठेवली. दोघी रोपाकडे बघत बसल्या. ट्रुडीने रोपाचा पेला उचलून वजन पाहिलं, मान हलवली, ठेवला.

“जगेल हे,” ती म्हणाली. “पण एकट्याला बी धरणार नाही. नर निघो की मादी निघो. वाण गेलं ते गेलं. ठाऊक आहे ना तुला?”

“एमेटबरोबर चाळीस वर्षं काढली मी. ठाऊक आहे.”

“मग कशाला एवढा जीव टाकायचा त्याच्यावर?”

वर्नाने रोप उचलून ट्यूबखाली ठेवलं. ट्यूब तिने हळूच दोन बोटं खाली घेतली.

“ऑक्टोबरपर्यंत घरात कोणीतरी असेल,” ती म्हणाली.