केर्त्तूच्या वतीने उत्तर

पाकिटावर ‘दिवंगत केर्त्तू वाइनिक्का यांच्या वारसांस’ असं छापलेलं होतं. वारस म्हणजे तिचा नवरा हेइमो एकटाच. पोस्टमनने सही मागितली, त्याने केली, आणि स्वयंपाकघरात बसून पाकीट फोडलं.

केर्त्तू बावीस वर्षं निर्यात मंडळात होती. परदेशातल्या गिऱ्हाइकाने फिनलंडची यंत्रं उधारीवर घेतली की हे सरकारी मंडळ हमी द्यायचं. हमीआधी मंडळाच्या माणसाने तिथे जाऊन कारखाना डोळ्यांनी बघायचा, असा नियम. आता संसदेने नेमलेली एक समिती मंडळाचे जुने कागद तपासत होती. ही समिती मंडळालाही बांधील नव्हती आणि मंत्र्यालाही. ज्याच्यावर ठपका येतो त्याला अहवाल छापण्याआधी उत्तर देता येतं. माणूस हयात नसेल तर घरच्यांना. मुदत चौदा दिवस.

सोबत अहवालाचं एक पान होतं. अधिकारी क्रमांक चार, म्हणजे केर्त्तू, यांनी दोन वर्षांपूर्वी चौदा मार्चला परदेशातल्या एका कागद कारखान्याला भेट दिली आणि सांडपाण्याचं तळं चालू स्थितीत पाहिलं, अशी नोंद आहे. तळं कधी बांधलंच गेलं नव्हतं. नदीकाठच्या गावातली मासेमारी बंद पडली, विहिरींचं पाणी बिघडलं. भेट झाली होती की नाही, हे समितीला ठरवता आलं नाही.

चौदा मार्चला केर्त्तू कुठे होती, हे हेइमोला ठाऊक होतं. ती बाथरूममध्ये गार फरशीला गाल लावून पडली होती. दुखण्याला तेव्हा नाव नव्हतं. दाराशी भरून ठेवलेली बॅग त्यानेच परत आत नेली. त्याच वर्षी सप्टेंबरात ती वारली.

दोन दिवसांनी इल्मारी आला. केर्त्तूचा साहेब, आता निवृत्त. येताना भाजलेला मासा कागदात गुंडाळून घेऊन आला.

“तुझी कॉफी अजून डांबरासारखीच आहे रे,” तो म्हणाला.

“तू दोन कप प्यायलास.”

“माणुसकी म्हणून.” त्याने कप खाली ठेवला. “पत्र आलं ना? काही लिहू नकोस. ‘ठरवता आलं नाही’ असंच छापून येईल. त्याने कोणाचं काही बिघडत नाही.”

“ती तिथे गेलीच नव्हती, इल्मारी.”

“माहीत आहे. तिकीट रद्द झालेलं मी बघितलं होतं.”

“मग विचारलं का नाहीस?”

“विचारलं असतं तर दुसऱ्याला पाठवावं लागलं असतं. माणूस कुठला आणणार होतो? हमीवर सही आठवड्यात हवी होती.” तो खिडकीकडे बघत राहिला. “अरे, बिचारीला झोपू दे की शांत. बायको आहे तुझी.”

हेइमोने मासा खाल्ला नाही. तो तीन दिवस तसाच फ्रीजमध्ये राहिला आणि मग टाकावा लागला.

लिहिण्यात तो कच्चा होता, म्हणून बाराव्या दिवशी ट्राम पकडून स्वतःच समितीच्या कचेरीत गेला. हेन्ना सोर्सा नावाची बाई समोर बसली. वयाने त्याच्या मुलीएवढी, मुलगी असती तर.

“ती गेली नव्हती,” त्याने बसल्या बसल्याच सांगितलं. “आजारी होती. कारखान्याच्या लोकांनी तळ्याचे म्हणून फोटो पाठवले होते, त्यावरून लिहिलं.”

“तुम्ही हे सांगितलं नसतं तरी चाललं असतं. माहीत आहे ना?”

“सांगितल्यावर काय होईल?”

“वाक्य बदलेल. ‘भेट झाली नाही’ असं येईल. मग मंडळाला भेटीची खात्री नसलेल्या एकोणीस ठिकाणी पुन्हा जावं लागेल. नुसत्या शंकेवर आम्ही त्यांना भाग पाडू शकत नाही.”

हेइमोने टोपी गुडघ्यावर ठेवली. “मी ट्रामच्या कारखान्यात होतो. तीस वर्षं ब्रेक तपासले. खाली उतरून हात लावल्याशिवाय एकदाही सही केली नाही. आणि तिला मी म्हणालो, फोटो आहेत ना, त्यावरूनच लिही, कोण बघायला येतंय. ती नको म्हणत होती. दोनदा नको म्हणाली. हेही लिहा.”

“ते नाही लिहिता येणार.”

“का?”

“अहवाल मंडळावर आहे. नवऱ्यांवर नाही.”

त्याने टोपी हातात घेतली.

“आजारी होत्या, एवढं घालता येईल,” ती म्हणाली. “तुमची परवानगी असेल तर.”

“ऑफिसात कळू द्यायचं नाही, असं तिने बजावलं होतं. चिडेल ती.”

हेन्नाने वर पाहिलं. आपण काय बोललो ते हेइमोच्या मग ध्यानात आलं. चिडायला तरी ती हवी होती.

“लिहा,” तो म्हणाला. “आणि तिकिटाचं इल्मारीला विचारा.”

तिने टाइप केलेलं वाचून दाखवलं. त्याने खाली सही केली.

जूनमध्ये अहवाल आला. नाव कुठेच नव्हतं, पण मंडळात सगळ्यांना कळलं. इल्मारीला चौकशीला बोलावलं. त्याचा फोन पुन्हा आला नाही.

नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी हेइमो दुपारी मेणबत्ती घेऊन दफनभूमीत गेला. चार वाजताच अंधारून आलं होतं. मागची दोन वर्षं त्याच्या आधी मंडळातली माणसं येऊन जायची. केर्त्तूच्या थडग्याच्या दगडापाशी पाच-सहा दिवे असायचे, एकदा तर वारा अडवायला कोणी फांद्याही लावल्या होत्या. या वर्षी नुसता बर्फ होता, आणि त्यावर एकाही पावलाचा ठसा नव्हता.

त्याने बर्फ बाजूला केला, मेणबत्ती लावली. एकोणीसपैकी सात ठिकाणी माणसं जाऊन आली होती. दोन ठिकाणी तळी नव्हती. तिथली कामं थांबवली होती. हे तिला सांगायचं म्हणून तो आला होता.

पण सांगितलं नाही. ऐकून घेतल्यावर तिने विचारलं असतं, ऑफिसातले माझ्याबद्दल काय म्हणतात. आणि तेही सांगावं लागलं असतं.